फुंकणीबाई आणि शेऱ्याचा रकाना

माझ्या ताईचा आवाज हा आमच्या घरातला सगळ्यांत जुना प्रश्न आहे. ती पाळण्यात होती तेव्हा भिंतीपलीकडच्या भाडेकरूंनी खोली बदलली, असं आई सांगायची. मी तिच्यानंतर चार वर्षांनी जन्मलो. तोवर घरातलं सगळं बोलून झालं होतं, माझ्या वाट्याला काही उरलंच नव्हतं, म्हणून मी घुम्या झालो. आजही घरात मला घुम्याच म्हणतात. मोठेपणी मी लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान काढलं, तेव्हा आई म्हणाली की याला मोठ्या आवाजांची सवय लहानपणापासूनच आहे.

ताईला मात्र त्या आवाजाची नोकरी मिळाली. ती मुलांना फुंकायला लावते. खरंच, तिचं काम एवढंच आहे. आधी बारा वर्षं ती एका दवाखान्यात श्वासाच्या तपासण्या करायची. मग फुप्फुसांवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला आपल्याकडे ओढून घेतलं. डॉक्टरीणबाईंना शोधायचं होतं की रस्त्यावरच्या ट्रकांच्या धुरामुळे लहान मुलांची फुप्फुसं किती मागे पडतात, आणि धूर कमी झाला तर ती सावरतात का. त्यासाठी निवडलेली शाळा माझ्या दुकानाच्या बरोबर समोर होती. म्हणजे घरी ताई, आणि आता कामावरही ताई. घरचं झालं थोडं, अशी माझी गत झाली.

आमचा रस्ता म्हणजे गोदामांकडून बाहेरच्या मोठ्या रस्त्याला जाणारी वाट. मिनिटाला दोन ट्रक. तोवर बावीस वर्षं मी त्या रस्त्यावर दुकान उघडत होतो, आणि रोज सकाळी काउंटर पुसला की फडकं काळं व्हायचं. शाळेच्या गच्चीवर संशोधनवाल्यांनी एक लोखंडी पेटी बसवली होती. ती हवा ओढून एका गोल पांढऱ्या कागदातून सोडायची. चोवीस तासांनी कागद काढला की तो तव्याच्या बुडासारखा काळा निघायचा. ताईने पहिल्याच आठवड्यात असा एक कागद आणून माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, हे तुझ्या छातीत जातं, एकदा येऊन फुंकून जा. मी म्हणालो, मी काय चूल आहे? तीन वर्षं ती हेच म्हणत राहिली आणि तीन वर्षं मी हेच उत्तर देत राहिलो.

फुंकण्याचं शास्त्र मला तिच्याकडूनच कळलं. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, पुठ्ठ्याच्या नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि सगळा जोर लावून फुंकायचं. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर आली यावरून श्वासाच्या नळ्या किती मोकळ्या आहेत ते कळतं. गोम अशी की कुणीही आपणहून पूर्ण फुंकत नाही. माणूस जोर राखून फुंकतो, अर्ध्यावर थांबतो आणि त्याला वाटतं झालं. म्हणून समोर कुणीतरी ओरडत राहावं लागतं. ताईचं ठरलेलं वाक्य होतं, "संपलं वाटलं तरी फुंकायचं." आणि मग फुंक, फुंक, फुंक, सहा सेकंद, चढत्या पट्टीत, मुलाचं तोंड टोमॅटोसारखं लाल होईपर्यंत. मुलांनी आठवड्याच्या आत तिचं नाव फुंकणीबाई ठेवलं. मला ते इतकं आवडलं की मी घरीही वापरून पाहिलं आणि जेवायला स्वतःच्या हाताने वाढून घेतलं.

पण कामात तिने कधी अंग चोरलं नाही, हे मला कबूल करावं लागेल. रोज सकाळी पहिलं मूल यायच्या आधी ती तीन लिटरच्या मोठ्या पिचकारीने यंत्रात हवा सोडायची आणि यंत्र तीन लिटर दाखवतंय की नाही ते पाहायची. प्रत्येक मुलाच्या निदान तीन फुंका घ्यायची. यंत्र आकडे साठवायचंच, तरी ती प्रत्येक फुंक वहीत लिहायची, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेऱ्यांत काय वाट्टेल ते असायचं. 'खोकला'. 'हसली'. 'दात पडलाय, ओठ नीट मिटत नाहीत'. आणि पहिल्या वर्षीच्या वह्यांत पानोपानी एक अक्षर, 'ट्र'. म्हणजे ही फुंक चालू असताना ट्रक गेला. का लिहितेस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, घडलं ते लिहायचं, कामाला येतं की नाही ते नंतर बघता येतं.

मुलांमध्ये तिची एक लाडकी होती. आठ वर्षांची, काडीसारखी, आणि श्वास घेताना छातीत बारीक शीळ वाजायची म्हणून वर्ग तिला शिट्टी म्हणायचा. शिट्टी फुंकायला बसली की ताई खुर्चीवरून अर्धी उठायची.

पहिल्या वर्षीची मोजणी झाली आणि पालिकेने रस्ता ट्रकांना बंद केला. प्रयोग म्हणून, दोन वर्षांसाठी. दोन वर्षांनी अहवाल पाहायचा आणि बंदी कायम ठेवायची की उठवायची ते ठरवायचं. ट्रक लांबच्या वाटेने जाऊ लागले आणि गोदामवाल्यांनी पालिकेला पाण्यात पाहायला सुरुवात केली.

बंदीच्या पहिल्या दिवशी मी दुकान उघडलं तेव्हा कानाला दडे बसल्यासारखं वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी अगदी खूश झालो. खुशी साडेदहापर्यंत टिकली. साडेदहाला समोरून आवाज आला, "फुंक, फुंक, फुंक!" ट्रकांच्या गोंगाटात आजवर झाकलेला ताईचा आवाज रस्ता ओलांडून माझ्या काउंटरवर येऊन बसला. मी एका बारीक तारेला डाग देत होतो, हात हलला, तार तुटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी घुम्या असलो तरी लिहिताना माझा हात कुणी धरू शकत नाही. मी शाळेला एक खरमरीत पत्र लिहिलं आणि खाली सही केली, 'एक त्रस्त दुकानदार'. शाळेने ते कुठल्या तरी फायलीत लावलं असावं. मी विसरून गेलो.

दोन वर्षं सरली. तिसरी मोजणी झाली आणि एक दिवस दुपारी ताई रस्ता ओलांडून जवळजवळ पळतच दुकानात आली. पन्नाशी उलटलेली बाई, पण त्या दिवशी परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारखी दिसत होती. आकडे छापून आले होते. संशोधनातला सगळा हिशोब एक मास्तर करायचे, त्यांना आम्ही आकडेमास्तर म्हणायचो. बंदीआधीची मुलं आणि आताची त्याच वयांची मुलं यांची त्यांनी उंची, वजन सगळं लक्षात घेऊन तुलना केली होती. आताची मुलं पहिल्या सेकंदात नव्वद मिलिलिटर हवा जास्त फुंकत होती. मी म्हणालो, नव्वद म्हणजे किती ते सांग. तिने माझ्या फळीवरची खोकल्याच्या औषधाची बाटली उचलली आणि तिचं झाकण दाखवलं. अशी नऊ झाकणं, म्हणाली. एवढीशी छाती असते रे त्यांची, त्यात नऊ झाकणं.

अहवाल छापून झाला होता. दहा दिवसांनी पालिकेच्या सभागृहात बैठक होती, आणि योगायोगाने तिथल्या माइक-स्पीकरचं काम माझ्याकडेच होतं. मला तिची मस्करी करायची हुक्की आली. अडीच वर्षांपूर्वी, ट्रक चालू असताना, मी एकदा टेपरेकॉर्डर घेऊन शाळेत गेलो होतो आणि तिला चिडवण्यासाठी तिचं ओरडणं गुपचूप टेप केलं होतं. ती कॅसेट मी शोधून लावली. म्हटलं, ऐक, विजेत्या खेळाडूची जुनी कामगिरी.

स्पीकर मोठा होता. ताईचा आवाज दुकानभर घुमला, "फुंक, फुंक, फुंक," आणि मग दुरून एक घरघर जवळ येत गेली, वाढत गेली, आणि ट्रकने सगळा आवाज गिळला. ट्रक गेला तेव्हा मागून एक बारीक आवाज आला, शिट्टीचा, "बाई, थांबले मी. तुम्ही थांब म्हणालात ना?" टेपवरची ताई म्हणाली की मी फुंक म्हणत होते, चल परत.

मी हसत होतो. ताई हसत नव्हती. म्हणाली, परत लाव. मी परत लावली. पाच वेळा तिने ती ऐकली आणि दर वेळी तिचा चेहरा आणखी उतरत गेला.

"घुम्या," ती म्हणाली, "पहिल्या वर्षी पोरांना मी ऐकूच येत नव्हते."

मला ते उशिरा कळलं. ट्रक असताना मुलं कमी जोर लावत होती, अर्ध्यावर थांबत होती, कारण ओरडणारी बाई ऐकू येत नव्हती. ट्रक गेले, बाई ऐकू यायला लागली, मुलं पूर्ण फुंकायला लागली. मग ती नऊ झाकणं फुप्फुसांची की ताईच्या घशाची? फुप्फुसं काही सुधारलीच नसतील तर?

मी तिला म्हणालो की अहवाल छापून झालाय, बैठक तोंडावर आहे, आणि ही गोष्ट या दुकानातल्या दोघांखेरीज कुणाला माहीत नाही. हे मी बोललो, आणि मला त्याची लाज वाटते. बंदी उठली तर ते ट्रक परत माझ्याच दारावरून जाणार होते, हेही माझ्या मनात होतं. ताईने कॅसेट काढून पर्समध्ये टाकली आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे गेली. मी शटर ओढलं आणि मागोमाग निघालो, कारण तिला एकटीला जाऊ द्यायला माझं मन होईना.

डॉक्टरीणबाईंनी कॅसेट ऐकली. छापील अहवालाचा गठ्ठा त्यांच्या टेबलावरच होता, त्यावर त्यांनी हात ठेवला. आकडेमास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांचं म्हणणं पडलं की असले आवाजबिवाज हिशोबात कुठे धरायचे, त्याला काही मोजमाप असतं का. ताई म्हणाली, आहे की. प्रत्येक फुंकेपुढे लिहिलंय, ट्रक गेला की नाही.

आकडेमास्तर हळूच म्हणाले की शेऱ्याचा रकाना त्यांनी कॉम्प्युटरवर चढवलाच नव्हता. त्यात शब्द होते. ते फक्त आकडे चढवतात.

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या आणि कपाटाच्या किल्ल्या शोधायला लागल्या. पुढचा शनिवार-रविवार मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या वर्षीच्या चार वह्या, दोनशे बारा मुलं, नऊशे सत्तेचाळीस फुंका. मला कामाला जुंपलं, कारण ताईचं अक्षर मुंगीच्या पायांसारखं आणि ते वाचायची सवय शाळेत तिच्या जुन्या वह्या वापरणाऱ्या धाकट्या भावालाच. मी वाचायचो, मास्तर टिपायचे, डॉक्टरीणबाई मागून तपासायच्या. ट्र. कोरा. ट्र. ट्र. हसली. कोरा. दात. ट्र. रविवारी दुपारपर्यंत माझा घसा बसला. घुम्या एवढं बोलला याची ताईने वहीत नोंद करायला हवी होती. ताईला मात्र वह्यांना हात लावायची बंदी होती, तिचंच लिखाण म्हणून. ती खोलीत येरझाऱ्या घालत होती आणि दर दहा मिनिटांनी चहा करून आणत होती. आम्ही इतका चहा प्यायलो की पाचव्या फेरीनंतर मी कप खिडकीतल्या कुंडीत ओतायला लागलो.

चार वाजता मास्तरांनी पहिलं उत्तर काढलं. त्यांनी प्रत्येक मुलाची ट्रकमधली फुंक त्याच मुलाच्या शांततेतल्या फुंकेशी लावून पाहिली. एकच मूल, एकच दिवस, एकच यंत्र. ट्रक जात असताना फुंक बावन्न मिलिलिटर कमी पडत होती. ताईची शंका सोळा आणे खरी होती. आपली शंका खरी ठरल्याचं इतकं दुःख झालेला माणूस मी तरी पाहिला नाही. ती मटकन खुर्चीत बसली.

आता खरा प्रश्न. ट्रकमधल्या सगळ्या फुंका काढून टाकल्या, ज्या मुलांच्या निदान दोन फुंका शांततेत झाल्या होत्या तेवढीच मुलं ठेवली. एकशे एकोणचाळीस उरली. ती आणि आताची मुलं. फरक उरतो की नाही? मास्तरांनी बटण दाबलं आणि कॉम्प्युटरची ती छोटी रेघ गोल गोल फिरायला लागली. ताईने खिडकीकडे तोंड केलं होतं.

"एकसष्ट," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. "एकसष्ट मिलिलिटर. आणि चुकीला जागा सोडली तरी शून्याला शिवत नाही."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचा खांदा असा दाबला की ते कळवळले. मी काय केलं ते आठवत नाही, पण कुंडी फुटली एवढं खरं. नवाची सहा झाकणं झाली होती, तीन ताईच्या घशात गेली होती, पण ती सहा मुलांची होती, त्यांच्या छातीतली, अगदी खरी. ताई खिडकीकडेच तोंड करून रडत होती आणि मास्तरांना सांगत होती की आणखी एकदा तपासा. त्यांनी आणखी तीनदा तपासलं. एकसष्टच.

बैठकीला सभागृह खच्चून भरलं. समितीचे सात जण समोर, एका बाजूला संशोधनवाले, दुसऱ्या बाजूला गोदामवाले आणि त्यांचे वकील. मी कोपऱ्यात माझ्या बटणांपाशी. डॉक्टरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या की छापलेल्या अहवालात एक मोठी चूक आहे, आणि ती जिने शोधली तीच सांगेल. वकिलांनी मान वर केली. त्यांच्या हातात एक कागद होता आणि तो लांबूनही मला ओळखीचा वाटला.

ताई माइकपुढे आली. मी सवयीने आवाजाचं बटण खाली आणलं. आयुष्यभर तिच्यासाठी मी बटण खालीच आणत आलोय. ती बोलायला लागली आणि काही ऐकू येईना. ती खरंच इतकी हळू बोलत होती. मी बटण वर नेलं, आणखी वर नेलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मला ताईचा आवाज वाढवावा लागला. तिने सगळं सांगितलं, कॅसेट, ट्रक, शेरे, नवाची सहा. चूक माझी, म्हणाली. आपण ऐकू जातोय का हे बघायचं काम माझं होतं, ते मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

वकील उठले. त्यांच्याकडे बहुधा तीन पानांचं भाषण होतं, त्यातली दोन पानं ताईने आधीच वाचून टाकली होती. पण कागद हातात होता तो त्यांना सोडवेना. त्यांनी तो मोठ्याने वाचला. "ट्रक बंद झाल्यापासून आपल्या शाळेतील फुंकणीबाईंचा आवाज माझ्या दुकानात शब्दन्‌शब्द ऐकू येतो. पूर्वी तो शाळेच्या दारापर्यंतही पोचत नसे. आवाजाच्या क्षेत्रातील एक जाणकार म्हणून मी खात्रीने सांगतो की ट्रक परवडले." खाली सही, एक त्रस्त दुकानदार. शाळेच्या फायलीतून तो कागद गोदामवाल्यांनी मिळवला असावा.

सभागृह हसलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. मला वाटलं, ताईने जर हे आधी सांगितलं नसतं, तर माझ्याच या पत्राने आज ते संशोधन उलटं टांगलं असतं. तिच्याच धाकट्या भावाच्या पत्राने. ताईने वकिलांकडे हात पुढे केला, कागद घेतला, अक्षर पाहिलं. मग तिने माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मी बटणांकडे बघत राहिलो.

"हे पत्र खरं आहे," ती माइकमध्ये म्हणाली. "ज्याने लिहिलंय त्याला आवाजातलं खरोखर कळतं. आम्ही नव्वदचे एकसष्ट केले ते याच कारणाने. तुम्ही म्हणताय तेवढं आम्ही आधीच वजा केलंय."

समितीच्या अध्यक्षांनी वकिलांना विचारलं की आणखी काही वजा करायचं आहे का. वकिलांनी कागद चाळले आणि बसले. मग अध्यक्ष म्हणाले की जी बाई स्वतःच्या कामातून स्वतःच तीन झाकणं काढून टाकते, तिच्या उरलेल्या सहांवर विश्वास ठेवायला त्यांना अडचण दिसत नाही. सातपैकी पाच हात वर झाले. बंदी कायम. मागच्या रांगेत शाळेतली मुलं आली होती, ती एकदम ओरडायला लागली, फुंक, फुंक, फुंक, आणि या वेळी मी बटणाला हात लावला नाही.

ताई त्या पत्राबद्दल मला काहीच बोलली नाही. घरी नाही, दुकानात नाही. तिने ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं तर मी सुटलो असतो. तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी मी शटर अर्धं ठेवून रस्ता ओलांडला. हा रस्ता मी आता न बघता ओलांडतो. मोजणीच्या खोलीत ताई पिचकारीने यंत्र तपासत होती. आता खोलीत नवा नियम होता. भिंतीवर मी बनवून दिलेला आवाजाचा काटा लावला होता, आणि खोलीतला गोंगाट रेघेच्या वर गेला की फुंक बाद. दारात शिट्टी उभी होती, आता दहा वर्षांची, पुढचा नंबर तिचा होता. मी तिला म्हणालो, बाळ, मला आधी जाऊ दे.

ताईने माझ्याकडे पाहिलं, खुर्ची पुढे सरकवली, नाकाला चिमटा लावला. मी छाती भरली, नळी ओठांत धरली आणि फुंकलं. दोन सेकंदांत सगळं संपलं असं वाटलं आणि मी थांबायला लागलो. तेव्हा दारातून शिट्टी अगदी गंभीरपणे म्हणाली, "काका, संपलं वाटलं तरी फुंकायचं."

मी फुंकत राहिलो. तीनदा. मग खोकल्याची उबळ आली आणि ताईने पाण्याचा पेला हातात दिला. यंत्राने आकडा दाखवला. माझं वय एकावन्न. यंत्राच्या मते असा श्वास सदुसष्ट वर्षांच्या माणसाचा असतो. सोळा वर्षं त्या रस्त्याने कुठेतरी नेऊन टाकली होती.

मी ताईच्या ओरडण्याची वाट पाहत होतो. कधीपासून सांगत होते, कधीपासून. तिला तो हक्क होता. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि इतक्या हळू बोलली की भिंतीवरचा काटा हलला नाही. म्हणाली, गेलं ते परत येणार नाही, पण यापुढचं आपण जाऊ द्यायचं नाही, पुढच्या वर्षी याच तारखेला यायचं.

मग तिने वही ओढली. माझं नाव, वय, उंची, तिन्ही फुंकांचे आकडे, मुंगीच्या पायांच्या अक्षरात. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबवून तिने खिडकीबाहेर कान दिला. मीही दिला. बाहेर माझ्या दुकानातलं घड्याळ वाजत होतं, रस्त्याच्या या बाजूला ऐकू येत होतं. शेऱ्याचा रकाना तिने कोरा ठेवला आणि शिट्टीला आत बोलावलं.